झाकून ठेवलेलं ताट

आमच्या म्हावरंवाल्या मावशीइतकं बोलणारं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही, आणि वेळ आली तेव्हा तिच्याइतकं गप्प बसलेलंही पाहिलं नाही. पनवेलात तेव्हा मुंबईची वर्तमानपत्रं येत, टपाल नाक्यावरच्या एका दुकानात रेडिओसुद्धा होता. पण बंदराला कुठला मचवा लागला, वडाळे तळ्याकाठी कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसून माहेरी गेली आणि ती खरोखर कशावरून रुसली, हे कळायला मावशीची पाटी दारात उतरावी लागे. म्हावरं म्हणजे मासळी, हे मला लग्नानंतर कळलं. मी घाटावरची. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी इथे आले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ही बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. कासोटा घट्ट मारलेला, कपाळावर हिरवंगार गोंदण आणि आवाज असा, की पलीकडच्या आळीतल्या बायका तिथूनच "हो गं" म्हणायच्या. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि माझ्या नवऱ्याची लहानपणापासूनची सगळी लक्षणं त्याच्यादेखत सांगून टाकली. आमचे हे शाळेत मास्तर. चार पोरांना दरडावणारा माणूस, पण त्या दिवशी छत्री न घेताच शाळेला पळाला. मग मावशीने पाटीतून एक जिवंत चिंबोरी, चांगला पंजाएवढा खेकडा, काढून माझ्यापुढे धरली. मी किंचाळून कोठीच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. दुपारपर्यंत ही बातमी उरण नाक्यापलीकडे गेली होती, आणि पुढे कित्येक वर्षं नव्या पनवेलकरांना माझी ओळख "चिंबोरीला कडी लावली ती मास्तरीन" अशीच करून देत असत. मेलं, अजूनही एखादी म्हातारी हसते.

तिचे बातमीचे नियम होते आणि ते सोवळ्याहून कडक होते. शिळी बातमी ती सांगत नसे. "काल त्या शिंप्याकडे काय झालं गं?" असं कोणी विचारलं, तर नाक मुरडून म्हणायची, "कालची हाय ती. टाकली मी." दुसऱ्याने आणलेली बातमी ती उचलत नसे, स्वतः जाऊन, बघून, दोन बायांना विचारून मगच ती पाटीत यायची. आमच्या ह्यांच्या वर्तमानपत्रावर तर तिचा भारी राग. "मास्तर, काय लिवलंय?" हे बिचारे दिल्लीचं काहीबाही सांगायचे. "आनि बंदरावरचं?" तसलं त्यात नसतं, असं ह्यांनी सांगितलं की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "मंग डोले कशाला फोडून घेतो गं हा?" आनंदाची बातमी मात्र तिच्या पोटात ठरत नसे. ती आळीच्या तोंडाशीच सुटायची. एकदा तिने एका शिंप्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं नाक्यावरून ओरडून सांगितलं. खरी गोष्ट अशी, की मुलीच्या बापाच्या मनात ते स्थळ नुकतं कुठे आलं होतं. त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण तोवर शेजारणींनी रुखवताची वाटणीसुद्धा करून टाकली. बापाला माघारी फिरायला जागाच उरली नाही. लग्न झालं, चांगलं झालं, आणि मावशी मांडवात मिरवत होती, "मी सांगितलं म्हनून जमलं." तिच्या हातून ते स्थळ आलं असतं तरी तिला एवढा मान मिळाला नसता.

आणि मग ती भाकरी. मावशीच्या पाटीच्या कोपऱ्यात कधीकधी एका फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी असे. ती कोणासाठी निघेल याचा नेम नसे, आणि निघाली की त्या घराचं काळीज हलायचं. कारण वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही, हा तिचा सगळ्यात मोठा नियम. मी पहिल्यांदा ते पाहिलं ते आमच्या समोरच्या कासाराच्या ओट्यावर. मावशी त्याच्यापुढे बसली, फडकं सोडलं, म्हणाली, "दादा, आदी खा." तो नवखा नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण त्याने निमूट भाकरी मोडली. शेवटचा तुकडा गिळेपर्यंत मावशी एक शब्द बोलली नाही. त्याला पाणी दिलं, आणि मग सांगितलं, की पेणला त्याचा धाकटा भाऊ गेला. पुढे कधीतरी तो कासार मला म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी उभा राहिलो तो त्या भाकरीवर."

मी एकदा तिला विचारलंच, की हे खूळ काढलंस कुठून. ती जवळ्याची टोपली निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाय, सुतकाच्या घरात चूल पेटत नाय. एकदा सांगितलं का इझली. मंग कोन कवा जेवतंय?" आणि त्याच आवाजात, जशी काही दुसऱ्याच कोणाची गोष्ट, तिने स्वतःची सांगितली. तिचा नवरा खाडीत गेला तेव्हा ती ओली बाळंतीण होती. पुढ्यात ताट घेतलं होतं, पहिला घास हातात होता, आणि कोणीतरी रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं. तो घास तसाच राहिला. पुढे दिवसचे दिवस तिला कोणी जेव म्हटलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. अंगावरचं दूध आटलं. पोर शेजारच्या शेळीच्या दुधावर कसंबसं जगलं. "तो वरडनारा वाईट नवता गं," ती म्हणाली, "त्याला घाई झालती." ते जगलेलं पोर म्हणजे तिचा धर्मा. एकुलता एक.

हे ठाऊक असूनही माझ्याकडून जो तमाशा झाला तो झालाच. मला पहिले दिवस गेले होते. सकाळी मावशी आली, आणि पाटी उतरवायच्या आधी तिने फडकं सोडून माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर सुकटीची चटणी. "खा बाय." झालं! माझी पाचावर धारण बसली. मी मोठ्याने गळा काढला. आधी वडिलांचं नाव घेऊन, मग आईचं, मग दोन्ही भावांचं, मावशीला एक अक्षर बोलू न देता. आळी गोळा झाली. समोरचा कासार एस्.टी.च्या गाडीची चौकशी करायला धावला, कोणी ह्यांना शाळेतून आणायला गेलं, एक म्हातारी तर माझं कुंकू शाबूत आहे ना ते बघून गेली. मावशी आधी थिजली आणि मग तिच्या त्या आवाजात ओरडली, "अगं ए भवाने, तुजं कोन मेलं नाय! डोहाले लागलेत म्हनून आनलंय!" हसावं की रडावं कळेना. मी रडत रडतच ती भाकरी खाल्ली, आणि सुकट इतकी छान झाली होती की दुसरी मागितली. त्या दिवसापासून मावशीने नियमात पोटनियम घातला: मायेची भाकरी उघडी, तळहातावर, वर्तमानाची तेवढी फडक्यात.

धर्मा मोठा झाला तो आईच्या उलट. बोलायचा नाही, नुसता हसायचा. उरणजवळच्या करंजा बंदरातल्या एका मोठ्या होडीवर तो खलाशी म्हणून जाई. मावशीने त्याचं लग्न केलं त्या दिवशी तिचा आवाज बसला, कारण ती बातमी तिने घरोघर स्वतः सांगितली, आणि एका घरी दोनदा सांगितली. सून चांगली होती, हसरी, कामाला चलाख. मावशी तिला रोज नावं ठेवायची आणि रोज तिच्यासाठी आमच्या परसातली अबोली तोडून न्यायची. त्यांचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. दिवाळी होऊन गेली होती, आणि एकाएकी वादळ उठलं. होड्या बाहेर होत्या. वारा पडल्यावर एकेक करून परत आल्या. करंज्याची ती होडी आली नाही.

मासळी नव्हतीच, तरी मावशी रिकामी पाटी घेऊन रोज फिरत होती. कोणती होडी आली, कोण भिजून आजारी पडलं, कोणाचं जाळं गेलं, सगळ्यांचं सांगायची. धर्माचं कोणी विचारलं तर म्हणायची, "भायेर हाय. येल." अशाच एका दुपारी माझ्या मागच्या दारी कोळीवाड्यातली माणसं येऊन उभी राहिली. पुढे म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा कारभारी, आणि त्याच्या मागे एक खलाशी, अंगावर कोणाचा तरी मागून घेतलेला सदरा. तो त्या होडीवरचा होता. त्याला दुसऱ्या होडीने उचललं होतं. तांडेल हात जोडून म्हणाला, "बाय, ती आता तुज्याकडंच येनार. तिला जेवाया घाल." मी विचारलं, "आणि धर्मा?" खलाशाने नुसती मान हलवली. धर्माला लाटेने ओढून नेलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. हाती काही लागलं नव्हतं आणि लागायचं नव्हतं. "आमच्या वाड्यात कोनी वाढलं तर ती बसनार नाय," तांडेल म्हणाला, "तू वाढ. ती जेवली का आमी येतो आनि सांगतो."

मला नाही म्हणता आलं नाही. भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. मी ताट वाढलं. वाढताना वाटी दोनदा कलंडली. तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "बाय, हायस का?" मी ताट घेऊन बाहेर गेले आणि तिच्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे चहापलीकडे काही घेत नसे. "मावशी," मी म्हटलं, "आज माझ्याकडे दोन घास खा." तिने ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बातम्या आणण्यात तिचा जन्म गेलेला. तिला काय सांगायचं राहिलं होतं? मी तिच्या पायाशी बसले आणि माझ्या डोळ्यांचं पाणी माझं ऐकेना. मावशी रडली नाही. एका बोटाने तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि कमरेचं फडकं काढून त्यावर घातलं, तेच भाकरीचं फडकं. म्हणाली, "मना भूक नाय, बाय. झाकून ठेव." आणि पाटी उचलून निघाली. आळीच्या तोंडाशी ती माणसं उभी होती. तिला बघून सगळे बाजूला झाले. कोणी काही बोललं नाही, कारण ती जेवली नव्हती.

पुढे जे झालं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सगळ्या पनवेलला ठाऊक होतं आणि एका माणसाला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला कोणीही सांगू शकलं असतं. चिडून, भांडणात, चुकून. कोळीवाड्यात भांडणं काय थोडी होतात? पण कोणाची जीभ उचलली नाही. ज्याने त्याने कधी ना कधी तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली होती. तांडेलाच्या बायकोने एकदा सणाचं जेवण घेऊन तिचं दार गाठलं. मावशीने दारातूनच सांगितलं, भूक नाय. तेव्हापासून ती कोणाच्याही हातचं घेईना, माझा चहासुद्धा सुटला. घरी मात्र ती रोज सकाळी सुनेला पुढ्यात बसवून स्वतःच्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावायची. आणि ती पोर लावून घ्यायची. तिला काय कळत नव्हतं? पण सासूसमोर ती हसायची आणि आमच्या परसात अबोली तोडताना रडायची. तिला तिथे पाहिलं की मी घरात परत यायचे, दुसरं काय करणार.

मावशी फिरत राहिली. चांगल्या बातम्या आणायची, पण त्या आता आळीच्या तोंडाशी सुटत नसत. ओट्यावर बसून हळू सांगायची. वाईट बातमी तिने सोडूनच दिली. फडकंही माझ्याकडेच राहिलं होतं, धुऊन, घडी करून. त्या काळात आमच्याकडची माणसं गेली ती रस्त्यावरच्या ओरडण्याने कळली. ह्यांचे मोठे भाऊ वारले तेव्हा सांगणाऱ्याने सायकलवरून न उतरता सांगितलं. हे शाळेतून उपाशी आले होते. मी भाताचं आधण उतरवलं आणि मला मावशीची अशी आठवण झाली म्हणून सांगू! ती दोन आळ्या पलीकडे होती, पण आम्हांला अंतरलेली होती.

दोन पावसाळे गेले. आणि एका दुपारी मावशी आली, पाटीशिवाय. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. अशी मी तिला धर्माच्या लग्नानंतर पाहिलीच नव्हती. ओट्यावर न बसता ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. "बाय, सुनेला उरनच्या मोऱ्याचं स्थल आलंय," ती म्हणाली. "चांगला हाय मानूस. आमच्यात दुसऱ्यांदा पाट लावतात. पन घरात वर्तमान आल्याबिगर ती पोर सुटंल कशी?"   ती खाली बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "ते झाकून ठेवलेलं वाढ."

मी चूल पुन्हा पेटवली. गरम भात केला, सकाळचं बोईटाचं कालवण होतं ते वाढलं. ती सावकाश जेवली. घाई नाही, टाकणं नाही, काटा न् काटा चोखून. मध्येच म्हणाली, "कोकम कमी पडलं गं. इतकी वर्सं झाली, तुला म्हावरं रांदाया येत नाय." मी हसले आणि तशीच तोंडात पदर कोंबून बसले. तिने शेवटचं शीत वेचलं, हात धुतला, पाणी प्याली. मग माझ्यासमोर ताठ बसली, जशी ती दुसऱ्यांना बसवायची, आणि म्हणाली, "सांग आता."

काय काय शब्द मी मनात जुळवून ठेवले होते! एकही आठवला नाही. "मावशी," मी म्हटलं, "धर्मा गेला."

"कवा?"

"त्या वादळात."

तिने मान हलवली. मग विचारलं, "जेवला व्हता का?"

हे ती विचारणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर त्या वाचलेल्या खलाशाला मी त्याच आठवड्यात गाठून मुद्दाम विचारून ठेवलं होतं. "जेवला होता," मी सांगितलं. "वारा सुटायच्या आधी होडीवर भात शिजला होता, सुके बोंबील होते. सगळ्यांत जास्त तोच जेवला. त्या होडीवरचा तांडेल त्याला हसला होता." मावशीने डोळे मिटले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि मग दोन पावसाळे कोंडलेला तिचा तो आवाज सुटला. पलीकडच्या आळीतल्या बायका या वेळी "हो गं" म्हणाल्या नाहीत, धावत आल्या. त्या रात्री कोळीवाड्यात चूल पेटली नाही, आमच्याकडेही नाही. निघताना मी तिचं फडकं तिला परत दिलं. तिने ते कमरेला खोचलं. महिना गेला नसेल, तोच ती पुन्हा एका घरी भाकरी घेऊन गेल्याचं ऐकलं.

सून मोऱ्याला नांदायला गेली. मावशीनेच तिची पाठवणी केली, आणि तिला मुलगा झाला ही बातमी तिने उरण नाक्यावरून ओरडून सांगितली. पुढे मावशी थकली, पाटी सुटली, आणि अखेरीस सून तिला आपल्या घरी घेऊन गेली. नव्या नवऱ्याने नाही म्हटलं नाही, चांगला होता म्हणतात ते खरंच. पनवेलला रेल्वे आली त्या सुमाराची गोष्ट. सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. समोरून मावशीची सून येताना दिसली, एकटी, चालून दमलेली. तिने हसून माझी खुशाली विचारली नाही. ओट्यावर बसली, कमरेचं फडकं काढलं आणि त्याची गाठ सोडली.

ते फडकं मी ओळखणार नाही? दोन पावसाळे माझ्या कपाटात होतं. माझ्या अगदी ओठांवर आलं, भूक नाही, झाकून ठेव. पण ती पोर मोऱ्याहून पनवेलपर्यंत आली होती, आणि शिकवलेलं सगळं नीट करत होती. मी भाकरी घेईपर्यंत तिने डोळे वर केले नाहीत. मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि सगळी भाकरी खाल्ली. तिने पाणी दिलं, ते प्याले. मग तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "सांग, पोरी."